‘घरगुती कारण’ एवढं मात्र सांगू नका

पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

ताई, मी ४४ वर्षांचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा. एकूण २१ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची १६ चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, क्वालिटीला. एप्रिलअखेर कंपनीने आमची लाइन गुजरातमध्ये साणंदला हलवली. विभागातल्या १४ जणांना बोलावून राजीनामे लिहून घेतले, तीन महिन्यांचा पगार दिला. चार महिने झाले. सात मुलाखती दिल्या, एकाही ठिकाणाहून परत फोन नाही. ‘नोकरी का सोडली?’ असं विचारलं की माझी बोबडी वळते. पहिल्या दोन ठिकाणी सगळी हकीकत सांगितली. मग एका मित्राने सुचवलं म्हणून ‘घरगुती कारणामुळे राजीनामा दिला’ असं सांगायला लागलो. आता दुसरा एक जण म्हणतो, सीव्हीवर नोकरी चालू आहे असंच लिही, बसलेल्या माणसाला कोणी घेत नाही. मागच्या मुलाखतीत प्लांट हेड ३२-३३ वर्षांचा होता, सगळं इंग्रजीतून विचारत होता. येत होतं तेही मला सांगता आलं नाही.

घरी फक्त बायकोला माहीत आहे. आईला आणि बारावीतल्या मुलीला नाही. मी रोज सकाळी सातला डबा घेऊन निघतो आणि महिना ८०० रुपये भरून एका अभ्यासिकेत बसतो. तिथे सगळी एमपीएससीची मुलं. परवा शेजारच्याने विचारलं, ‘काका, कोणत्या पोस्टची तयारी?’

भोसरीतला एक छोटा व्हेंडर ४१,००० हातात द्यायला तयार आहे. मला ६२,००० मिळत होते. गणपती झाले की त्याला उत्तर द्यायचंय. गौरी-गणपतीला गावी गेल्यावर भाऊ नोकरीचं विचारणारच. काय सांगू? ही नोकरी धरू की थांबू? या वयात मला पुन्हा नीट नोकरी मिळेल का, ते स्पष्ट सांगा.

– निनावी, मोशी

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. २६ वर्षं लोकांचे अर्ज वाचण्यात गेली, ती सवय काही सुटत नाही. (मी लागले तेव्हा आमच्या खात्याला ‘पर्सोनेल’ म्हणत. एचआर नंतर झालं, खुर्च्या त्याच राहिल्या.) चार पानांत ‘काढलं’ हा शब्द अकरा वेळा आलाय. तुम्ही कंपनीत नेमकं काय काम करत होता, हे फक्त एकदा, तेही सही करून झाल्यावर ‘ता.क.’ म्हणून. तो ता.क. मी वरच्या सारांशात मुद्दाम घेतलेला नाही. त्याच्याकडे येतेच.

आधी ते ‘घरगुती कारण’. मी कितीतरी मुलाखतींना टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे, त्यामुळे हे शब्द तिकडे कसे ऐकू जातात ते सांगते. समोर ४४ वर्षांचा माणूस. एका जागी १६ वर्षं टिकलेला. घरावर कर्ज. हातात दुसरी नोकरी नाही आणि हा म्हणतो, घरगुती कारणामुळे सोडली. मी अशा वेळी कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक प्रश्नचिन्ह काढायचे. मनात काय काय यायचं, ते लिहायलाही बरं वाटत नाही: साहेबाशी हातघाई झाली असेल, पैशाचा काही घोळ असेल, पिणं असेल, मोठं आजारपण असेल. तुमचं खरं कारण या सगळ्यापेक्षा कितीतरी साधं आहे. लाइन गेली, लाइनवरची माणसं गेली. चाकण-भोसरी-तळेगाव पट्ट्यात कुठली लाइन कुठे हलली हे चहाच्या टपरीवरही माहीत असतं. म्हणजे जी गोष्ट समोरच्याला एका फोनवर कळणार आहे आणि जिच्यात तुमचा दोष नाही, ती तुम्ही झाकताय, आणि तिच्या जागी एक संशय नेऊन ठेवताय.

सीव्हीवर ‘नोकरी चालू’ लिहिण्याचा सल्ला तर कानाबाहेरच टाका. तुमच्या पीएफच्या खात्यावर यूएएन नंबराखाली (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) सगळा सेवाकाळ दिसतो, कधी लागलात आणि कधी सुटलात ते तारखेसकट. शेवटचा हप्ता कधी जमा झाला तेही पासबुकात असतं. बऱ्याच कंपन्या नेमणूकपत्र देताना किंवा त्यानंतर पडताळणी करतात. रिलीव्हिंग लेटर मागतात, तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतात. तिथे खोटं सापडलं की पहिल्या दिवसापासून मान खाली. शेवटच्या पगाराचा आकडा फुगवून सांगणाऱ्यांचंही तेच होतं.

आता तुमच्याच धंद्यातलं एक विचारते. सोळा वर्षांत कस्टमर ऑडिट किती पाहिलीत? निदान तीस-चाळीस तरी. ऑडिटरने एनसी (नॉन-कन्फर्मिटी, म्हणजे नियमात न बसणारी त्रुटी) काढली आणि विभागप्रमुख ‘असं काही झालंच नाही’ म्हणाला, तर पुढे काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. मायनरची मेजर होते. आणि दुसरा एक नमुना असतो: एनसी निघाली की पाऊण तास खुलासा करणारा. मेंटेनन्सने लक्ष दिलं नाही, पर्चेसने हलका माल घेतला, मी तर आधीच मेल केला होता. त्याचीही मेजरच होते. जो शांतपणे फाइल उघडून ‘हे झालं होतं, या तारखेला बंद केलं, हा कागद’ म्हणतो, त्याच्यापाशी ऑडिटर फार वेळ थांबत नाही, पुढच्या मुद्द्यावर जातो.

पहिल्या दोन मुलाखतींत तुम्ही दुसरा नमुना झालात. पुढच्या पाचांत पहिला. पत्रातूनही ते कळतं, राजीनामे कोणी कसे घेतले यावर दीड पान आहे. तुमचा राग खरा आहे. तसे राजीनामे लिहून घेणं योग्य होतं का, हा प्रश्नही खरा आहे, पण तो कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे न्यायचा. मुलाखत घेणाऱ्याकडे तो सोडवायला वेळ नाही आणि अधिकारही नाही. तुम्ही त्याच्यासमोर निर्दोष ठरायला बसता. त्याच्या मनात मात्र तीनच गोष्टी असतात: या माणसाला माझं काम येतं का, हा डोक्याला ताप देईल का, आणि सहा महिन्यांत सोडून जाईल का.

तेव्हा उत्तर एवढंच:

‘कंपनीने आमची लाइन साणंदला हलवली. क्वालिटीतल्या १४ जणांच्या जागा गेल्या, त्यात माझी एक. गेजचं आणि पीपॅपचं सगळं रेकॉर्ड तिकडच्या टीमला सोपवून मी ३० एप्रिलला बाहेर पडलो.’

(इतर वाचकांसाठी: गेज म्हणजे माप तपासायची साधनं, पीपॅप म्हणजे पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं.) घड्याळ लावून बघा, पंधरा-वीस सेकंदांत होतं. यानंतर थांबायचं. हे थांबणं सगळ्यात अवघड जातं, कारण समोरचा दोन क्षण कागदाकडे बघत राहतो आणि आपल्याला वाटतं त्याला पटलेलं नाही, मग आपण भर घालायला लागतो. नका घालू. तो बहुधा तारीख लिहून घेत असतो. फार तर तुम्हीच विचारा, ‘तुमच्याकडे कस्टमर कम्प्लेंट सध्या कोण बघतं?’ गाडी रुळावर येते. ‘पण तुम्हालाच का काढलं?’ असं कोणी खोचकपणे विचारलंच, तर ‘पूर्ण लाइनच गेली, साहेब’ यापेक्षा जास्त काही नाही. आणि जुन्या कंपनीबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही, समोरच्याने काढायला लावला तरी.

आता ता.क. तो इथे जवळजवळ जसाच्या तसा देते, कारण हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही त्यातून काही घेता येईल.

तुम्ही लिहिलंय: एका बुशच्या (नळीसारखा पार्ट) बोअरचं (आतल्या भोकाचं) रिजेक्शन २.८ टक्क्यांवर गेलं होतं. सगळे रीमरला (ते भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) दोष देत होते, रीमरचा मेक बदलून झाला, तरी फरक नाही. आकडे काढल्यावर तुमच्या लक्षात आलं की खराब माल जास्त करून रात्रपाळीचा आहे. तुम्ही सलग तीन रात्री मशिनपाशी उभे राहिलात. तिसऱ्या रात्री सव्वातीनच्या सुमारास हेल्पर आला आणि कूलंटची (हत्यार थंड ठेवणारं, ऑइल मिसळलेलं पाणी) टाकी खाली गेलेली बघून त्याने तिच्यात दोन बादल्या पाणी ओतलं. नुसतं पाणी. ऑइल स्टोअरमध्ये कुलपात आणि स्टोअरवाला रात्री नसतो. कूलंट पातळ झालं, रीमरच्या धारेवर मटेरियल चिकटायला लागलं, बोअर ओव्हरसाइज. तुम्ही मशिनशेजारी रिफ्रॅक्टोमीटर (कूलंट किती दाट आहे ते दाखवणारं उपकरण) टांगलात, प्रत्येक पाळीला रीडिंग लिहायला वही ठेवलीत आणि रात्रीसाठी तयार मिश्रणाचा एक कॅन बाहेर काढून ठेवायची पद्धत पाडलीत. रिजेक्शन ०.४ वर आलं. त्या हेल्परचं नाव तुम्ही रिपोर्टमध्ये घातलं नाहीत.

अहो, हे असं सहीच्या खाली लिहितात होय?

मला इंजिनिअरिंगमधलं फार कळत नाही, पण या दहा ओळींतून तुम्ही मला कळलात. आकड्यांवरून पाळी ओळखणारा, रात्री तीनला उभा राहणारा, गरिबाच्या पोटावर पाय न देता कारण मुळातून काढणारा माणूस. आता सोबत जोडलेल्या तुमच्या सीव्हीचं पहिलं पान बघा. ‘हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर’. वडिलांचं नाव. जन्मतारीख. छंद: वाचन, क्रिकेट. आणि आयएटीएफ १६९४९ चं (वाहन उद्योगातलं क्वालिटीचं मानक) इंटर्नल ऑडिटर सर्टिफिकेट दुसऱ्या पानाच्या तळाशी, वैवाहिक स्थितीच्या वर. ज्या पोस्टला तुम्ही अर्ज करताय, तिथे समोरचा पहिल्यांदा तेच शोधतो. पहिल्या पानावर वरच्या अर्ध्या भागात हे येऊ द्या: एकूण अनुभव, कुठल्या प्रकारचे पार्ट, कुठल्या प्रकारचे कस्टमर, पीपॅप आणि ऑडिटमधला तुमचा वाटा, ते सर्टिफिकेट, आणि आकड्यांसकट केलेली तीन कामं. बुशचं त्यातलं एक. छंद गेले तरी चालतील.

अशा कहाण्या तुमच्याकडे निदान पाच-सहा असणार. एक वही करा. कुठला पार्ट, काय तक्रार, तुम्ही काय पाहिलंत, काय बदललंत, आकडा कुठून कुठे आला. एखादी फसलेलीही ठेवा. ‘तुमच्या हातून झालेली चूक सांगा’ हा प्रश्न हमखास येतो आणि ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की त्याने कोणी हसतही नाही. कहाणी सांगताना ‘आम्ही केलं’ आणि ‘मी केलं’ यातला फरक सांभाळा. मराठी माणसाला ‘मी’ म्हणायला संकोच वाटतो आणि सगळी मुलाखत ‘आम्ही’त निघून जाते. ऐकणाऱ्याला कळतच नाही की रात्री तीनला उभं कोण होतं.

इंग्रजीचं. तुमची अडचण इंग्रजीची आहेच, नाही म्हणत नाही. पण त्या प्लांट हेडसमोर तुम्ही इंग्रजीला जितके अडखळलात, तितकेच त्याच्या वयालाही अडखळलात, असं मला वाटतं. ‘माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान’ हे तुम्ही दोनदा लिहिलंय. त्याच्या बाजूने बघा: त्याला स्वतःपेक्षा मोठ्या माणसाकडून काम करून घ्यायचंय, तोही जरा धास्तावलेला असतो. ‘हे काका माझं ऐकतील का?’ हा त्याचा न विचारलेला प्रश्न. म्हणून एखादी अशी गोष्ट सांगा, ज्यात तुम्ही तुमच्याहून तरुण माणसाकडून काही शिकलात. सीएमएमचा (माप घेणाऱ्या मशिनचा) प्रोग्राम, एक्सेलमधली एखादी युक्ती, काहीही, पण खरं. त्याचे खांदे सैल पडलेले तुम्हाला दिसतील.

आणि भाषेबद्दल सरळ विचारा. इंग्रजीतली पाच-सहा वाक्यं पक्की करा: स्वतःची ओळख, आत्ता कुठे होतो, का सुटलो, काय काम केलं. ती मोठ्याने म्हणा. मनात म्हटलेलं इंग्रजी आणि तोंडातून निघणारं इंग्रजी यात बरंच अंतर असतं. तांत्रिक भागावर आलात की म्हणा, ‘सर, हे मी हिंदीत सांगितलं तर चालेल? डिटेल नीट सांगता येईल.’ पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांत शॉप फ्लोअरवर हिंदी-मराठीच चालते, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. नाही म्हणणारे निघतील थोडे. ज्या जागी परदेशी कस्टमरशी रोज बोलायचं असतं, तिथे इंग्रजी लागतंच आणि तिथे तुम्हाला नकार मिळाला तर तो रास्त आहे. पण सगळ्या जागा तशा नसतात.

डब्याकडे वळते.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार एकदम घरी बसले आणि त्यातले कितीतरी परत कधी आत गेलेच नाहीत. वाईट दिवस होते. आईने कानातलं विकलं ते मला आजही दिसतं. पण एक गोष्ट होती: आमच्या मजल्यावर कोणाला कोणापासून काही लपवायचं नव्हतं. सगळ्यांची गेली होती. त्यामुळे कुठे माणूस हवाय ही बातमी दुपारपर्यंत जिन्यावरून वर येत असे. वडिलांना पुढे एका छापखान्यात काम लागलं, ते खाणावळवाल्या बाईंमुळे. त्यांच्याकडे छापखान्याचे दोन कामगार जेवायला यायचे.

तुमची नोकरी तुमची एकट्याची गेल्यासारखी गेली, म्हणून तुम्ही अभ्यासिकेत जाऊन बसलात. मी हे चूक-बरोबर म्हणून सांगत नाही. पण हिशोब बघा. सात मुलाखती झाल्या, त्या सगळ्या पोर्टलवरून किंवा कन्सल्टन्सीवाल्यांकडून आलेल्या. ओळखीतून एकही नाही. १६ वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाला किती जण ओळखत असतील! तुमच्याकडे माल घेऊन येणारे सप्लायर, त्यांचे मालक, कस्टमरकडचे सप्लायर क्वालिटीवाले, कॅलिब्रेशन लॅबवाले, उरलेले १३ जण. तुम्ही कोणाचा माल रिजेक्ट केलात म्हणून तो तुमच्यावर चिडून असेल असं वाटतं ना? त्यातलाच एखादा तुमच्याबद्दल ‘माणूस कडक आहे, पण खरा आहे’ असं सांगणार आहे. यातल्या एकालाही तुम्ही फोन केलेला नाही, कारण बातमी फिरत फिरत आईपर्यंत जाईल.

फोन करताना ‘कुठे काही असेल तर बघा’ म्हणू नका, ते समोरचा ‘हो हो’ म्हणून विसरतो. नेमकं सांगा: ‘क्वालिटी किंवा सप्लायर क्वालिटीचं काम शोधतोय, चाकण, भोसरी, रांजणगाव चालेल, लगेच जॉइन होऊ शकतो. तुमच्याकडे नसेल तर मी कोणाशी बोलू?’ शेवटचा प्रश्न विसरू नका. रोज तीन फोन, वहीत नोंद. पोर्टलवरही प्रोफाइल आठवड्याला एकदा हलवत राहा आणि नोटीस पिरियडच्या रकान्यात सगळ्यात कमी दिवसांचा पर्याय निवडा. नोकरीत असलेल्या तुमच्या बरोबरीच्या माणसाला साठ-नव्वद दिवस नोटीस असते. ज्या प्लांटला पुढच्या महिन्यात ऑडिट आहे, त्याला उद्या हजर होणारा माणूस हवा असतो. बसलेल्या माणसाला कोणी घेत नाही म्हणणाऱ्या त्या सद्गृहस्थांना हे कळवा.

आणि कोणी ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ किंवा गेट पासचे पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या. खरी नोकरी देणारा पैसे मागत नाही. गेलेच पैसे तर त्याच दिवशी १९३० वर तक्रार करा.

आता पैसे आणि भोसरीची नोकरी. पत्रात ग्रॅच्युइटीचा उल्लेखच नाही. मिळाली आहे का? राजीनामा दिला म्हणजे ग्रॅच्युइटी गेली असं कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. पाच वर्षांची सलग सेवा झाली की हक्क आहे आणि ती ३० दिवसांत द्यायची असते. हिशोब सोपा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. तुमचे मूळ २८,००० धरले तर १६ वर्षांचे निदान २,५८,००० होतात. मिळाले नसतील तर आजच लेखी अर्ज द्या. पीएफला शक्यतो हात लावू नका, नव्या नोकरीत खातं वळवून घ्या. आणि आई कंपनीच्या मेडिक्लेममध्ये होत्या असं वाटतं. ती पॉलिसी नोकरीबरोबर संपते. त्याच विमा कंपनीला वैयक्तिक पॉलिसीत घेता का हे विचारून बघा, थोडा उशीर झालाय तरी.

तुमचा महिन्याचा खर्च हप्त्यासकट ५४,००० लिहिलाय, वहिनींच्या शिकवण्यांचे ९,००० येतात. म्हणजे काहीच न करता बसलात तर महिन्याला ४५,००० जातात, ग्रॅच्युइटीवर साडेपाच महिने निघतील. ४१,००० ची नोकरी घेतलीत तर महिन्याला ४,००० कमी पडतात. कागदावर मांडलं की भीती जरा आटोपशीर होते. थांबणंही शक्य आहे, घेणंही शक्य आहे.

माझं मत विचाराल तर मी घ्यावी म्हणेन, पण ते म्हणतात तशी नाही. त्या मालकाला तुम्ही कशाला हवे आहात, हे आधी विचारून घ्या. छोटा व्हेंडर ६२,००० वाल्या माणसाच्या मागे उगीच लागत नाही. बहुतेक मोठ्या कस्टमरचं ऑडिट डोक्यावर असणार किंवा आयएटीएफ करून घ्यायचं असणार. तसं असेल तर बोलणीत तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी लंगडी नाही. म्हणा, ‘सुरुवात ४१ वर करतो. सहा महिन्यांत ऑडिट पास झालं की ५०, आणि ते नेमणूकपत्रात लिहा.’ हुद्दा क्वालिटी मॅनेजरचा किंवा हेडचा मागा, त्याचे पैसे त्याला पडत नाहीत. पीएफ कापतात का विचारा. आणि तिथल्या दोन कामगारांना गेटबाहेर गाठून पगार किती तारखेला होतो ते विचारा, मालकाला विचारू नका. पगार पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला होत असेल, किंवा ‘लिहून कशाला, शब्द आहे’ असं उत्तर आलं, तर थांबा. थांबलात तर दिवाळीनंतरची एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, तोवर नाही जमलं तर या पगाराची पुढची नोकरी घ्यायची. तारीख नसलेलं थांबणं फार लांबतं.

वयाचं स्पष्ट सांगा म्हणालात. होय, वय बघितलं जातं. जाहिरातीत ३५ लिहिलेलं असतं, नसलं तरी मनात असतं, आणि मीही अशा याद्या गाळल्या आहेत, आज त्याचं बरं वाटत नाही. मोठ्या कंपनीत तुमच्याच पगारात तुमच्याच हुद्द्यावर परत जाणं कठीण जाईल. पण ज्या मध्यम कारखान्यात मालक स्वतः मुलाखतीला बसतो, तिथे तुमचे पांढरे केस तुमच्या बाजूचे असतात. कस्टमरकडून फोन आला की शांतपणे उत्तर देणारा माणूस त्याला हवा असतो. अर्ज तिकडे जास्त करा.

गावी भावाला काय सांगायचं? मुलाखतीसाठी दिलेली तीन वाक्यं तिथेही चालतात. खरं तर पहिला सराव तिथेच होऊ द्या. पण त्याआधी आई आणि मुलगी, गावी निघायच्या आधी, घरी. मुलगी बारावीत आहे, अठराला टेकलेली. तिला वाटतंय तितकं कमी माहीत नसेल. चार महिने बाबांच्या गळ्यात ओळखपत्र नाही आणि डब्यातली भाजी कोरडी झालेली, हे घरातल्या माणसांना दिसतं. आईंना सांगताना वहिनींना शेजारी बसवा. ‘पैशाची सोय आहे, पाच महिने तरी निघतील’ हे वाक्य आधी, बाकीचं नंतर. म्हाताऱ्या माणसाचं लक्ष पहिल्या वाक्यानंतर उडतं.

अभ्यासिका मात्र सोडू नका, घरी टीव्हीसमोर बसण्यापेक्षा ती बरी. आणि त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. त्याला सांगा, ‘पोस्ट क्वालिटी मॅनेजरची. परीक्षा नाही, थेट मुलाखत.’ ही मुलं एकमेकांच्या मॉक मुलाखती घेतात, त्यांना त्याची चांगली तालीम असते. त्याला चहा पाजा आणि म्हणा, माझी घे. वय विचार, इंग्रजीत विचार, नोकरी का गेली ते दोनदा विचार. तो तुमच्याहून वीस वर्षांनी लहान आहे, म्हणजे त्या प्लांट हेडचीही सवय होईल. बुशची गोष्ट त्याला पूर्ण सांगा. त्याला रीमर म्हणजे काय ते माहीत नसेल, कूलंटही माहीत नसेल, आणि पहिल्या फेरीत समोर बसलेल्या एचआरच्या मुलीलाही नसतं. तो जिथे ‘म्हणजे काय, काका?’ म्हणेल, तिथे वहीत खूण करून ठेवा.